रजा सात दिवसांची, कापले नऊ: रजेत आलेल्या रविवारचा आणि सणाच्या सुट्टीचा हिशोब कसा करायचा

गणपती झाले की पुढच्या महिन्यात पगार पडल्या पडल्या माझ्या टेबलासमोर लाइन लागते. कोकणातले असतात, सांगलीचे असतात, मराठवाड्यातले असतात, पण प्रश्न सगळ्यांचा एकच, ताई माझा रविवार कुठे गेला? मी गेली चौदा वर्षं भोसरी-चिंचवड पट्ट्यात पगारपत्रकं बनवते, आधी मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर हाताने आणि आता सॉफ्टवेअरवर, आणि खरं सांगायचं तर यातली निम्मी माणसं बरोबर असतात. उरलेल्या निम्म्यांचा पगार बरोबर झालेला असतो पण तो कसा झाला हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

माझी स्वतःची चूक आधी सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. २०१९ ला गणेश चतुर्थी सोमवारी होती, २ सप्टेंबरला. स्टोअरमधला गुहागरकडचा एक मुलगा शुक्रवार ३० ऑगस्टपासून शनिवार ७ सप्टेंबरपर्यंत गावाला गेला, त्याच्या खात्यात पीएल, म्हणजे कमावलेल्या पगारी रजा, बरोब्बर सात शिल्लक होत्या आणि त्याने मोजूनच रजा टाकली होती. पगार झाला तर दोन दिवस बिनपगारी, शेवटचे शुक्रवार आणि शनिवार. तो आला तो मोबाइलमध्ये कॅलेंडरच्या पानाचा फोटो घेऊनच आला, रविवार आणि चतुर्थीवर लाल गोल केलेले. मी म्हटलं सिस्टिम चुकत नाही. सिस्टिम चुकली नव्हतीच, रजेच्या सेटिंगमध्ये "मधल्या सुट्ट्या रजेत धरा" अशी एक टिक होती ती चालू राहिली होती आणि मी ती कधी उघडून बघितलीच नव्हती. सॉफ्टवेअरने मधला रविवार आणि चतुर्थी दोन्ही पीएलमधून खाल्ले, सात पीएल गुरुवारीच संपल्या आणि उरलेले दोन दिवस खाडा पडला.

म्हणजे लक्षात घ्या, रविवारचा पगार थेट कापला असं स्लिपवर कुठेच दिसत नाही. रविवार तुमची रजा खातो, आणि रजा संपली की भलत्याच दिवशी पगार कापला जातो. म्हणून स्लिप बघून काही कळत नाही, रजेचं खातं बघावं लागतं. दोन रजांच्या मध्ये आलेली सुट्टी पण रजेत धरायची, याला एचआरवाले सँडविच म्हणतात.

पहिलं काम: तुम्ही कुठल्या कायद्यात बसता

हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण दुकान, ऑफिस, कारखाना आणि सरकारी नोकरी यांचे नियम वेगवेगळे आहेत.

महाराष्ट्रात दुकान, ऑफिस, हॉटेल, आयटी कंपनी, शोरूम यांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. तो आला तेव्हा १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करायला मंजुरी दिली, त्यामुळे तुमच्याकडे दहा ते एकोणीस माणसं असतील तर आपण नक्की आत आहोत की बाहेर हे कामगार ऑफिसात विचारून घ्या. या कायद्याच्या कलम १८ मध्ये आपल्या कामाच्या पाच गोष्टी आहेत. आठवड्याची सुट्टी पगारी. वर्षाला आठ कॅज्युअल रजा म्हणजे सीएल, तिमाहीने जमा होणाऱ्या आणि वर्षाअखेर संपणाऱ्या. वर्षात २४० दिवस काम केलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा, म्हणजे आपण ज्याला पीएल किंवा ईएल म्हणतो ती. ही रजा ४५ पर्यंत साठवता येते. आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि बाकी चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या.

कारखान्यांना इतकी वर्षं १९४८ चा फॅक्टरी कायदा होता. त्याच्या कलम ७९ मध्ये स्पष्टच लिहिलेलं होतं की या रजेत मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या मोजायच्या नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरी कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली. त्यात दोन फरक झाले, २४० दिवसांची अट १८० वर आली, आणि वर्षाच्या शेवटी कामगाराने मागितली तर रजा विकता येते. सुट्टीबद्दलचं तत्त्व मात्र तेच राहिलं, रजेच्या मधली, आधी जोडलेली किंवा नंतर जोडलेली सुट्टी रजेत धरायची नाही. दुकाने कायद्यातही अर्जित रजेला हेच लागू आहे.

एक अडचण आहे. हे सगळं "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. तुम्ही मॅनेजर असाल, किंवा संहितेप्रमाणे सुपरवायझरचं काम करताय आणि वेतन महिन्याला १८,००० च्या वर आहे, तर तुम्हाला या कलमाचा आधार नाही, तुमचं अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीची रजेची पॉलिसी हाच तुमचा कायदा. नुसता पदाचा शिक्का चालत नाही म्हणा, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, लेटरवर "मॅनेजर" लिहून दिवसभर बिलिंग करणारी माणसं मी ढिगाने बघितलीत.

सरकारी नोकरांचं एका वाक्यात सांगते कारण त्यांचं खातंच वेगळं. तिथे किरकोळ रजेत मधली सुट्टी मोजत नाहीत, अर्जित रजेत मात्र मधले रविवार मोजतात, पुढच्या-मागच्या सुट्ट्या परवानगीने जोडता येतात. त्यामुळे तहसीलमधला मेहुणा जे सांगतो ते तुमच्या कंपनीत लावू नका, तुमचा नियम बऱ्याचदा त्याच्यापेक्षा चांगला असतो.

दुसरं काम: तुमची सुट्टी कोणत्या दिवशी, ते लेखी शोधा

सगळ्यांना रविवार नसतो. आमच्या भोसरीत कित्येक वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते कारण गुरुवार लाइट जायचा वार. हॉटेल आणि मॉलवाल्यांची सुट्टी तर रोस्टरप्रमाणे फिरते. रोस्टरवाल्यांनी रजेचा अर्ज करायच्या आधी त्या आठवड्याचं रोस्टर फोटो काढून ठेवायचं, कारण रजा मंजूर झाल्यावर तुमचा वीकली ऑफ हळूच रजेच्या आधी सरकवून "मध्ये ऑफ नव्हताच" असं दाखवलेलं मी पाहिलंय.

मग सणाच्या सुट्ट्यांची यादी. ही वर्ष सुरू व्हायच्या आत ठरते आणि नोटिस बोर्डावर लागते. यादीत नसलेला सण म्हणजे तुमच्यासाठी साधा कामाचा दिवस, मग तो कॅलेंडरवर कितीही लाल असो. बँकेला सुट्टी आहे म्हणून आपल्याला पण, हा गैरसमज फार आहे. आणि यादी करतानाच वार बघा. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला गुरुवारी, म्हणजे गुरुवार सुट्टीवाल्यांनी पाडवा यादीत टाकला की एक सुट्टी पाण्यात. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी, तिथे रविवारवाल्यांचं तेच. सण वीकली ऑफवर पडला तर बदली सुट्टी आपोआप मिळत नाही, कंपनीच्या नियमात असेल तरच. म्हणून डिसेंबरच्या मीटिंगमध्ये कोणीतरी कॅलेंडर घेऊन बसायला पाहिजे, बहुतेक ठिकाणी सगळे चहा पिऊन सही करून येतात.

तिसरं काम: कागदावर दिवस मांडा

२०२६ ला योगायोगाने चतुर्थी परत सोमवारीच आहे, १४ सप्टेंबरला, म्हणजे त्या गुहागरच्या मुलाचं गणित जसंच्या तसं परत येतंय. तेच करून बघू. वीकली ऑफ रविवार, गणेश चतुर्थी यादीत आहे, आणि तुम्ही शुक्रवार ११ ते शनिवार १९ सप्टेंबर अशी पीएल घेतली, सोमवारी २१ ला हजर.

शुक्रवार ११, पीएल. शनिवार १२, पीएल. रविवार १३, वीकली ऑफ. सोमवार १४, पगारी सणाची सुट्टी. मंगळवार १५ ते शनिवार १९, पाच पीएल. रविवार २०, परत वीकली ऑफ. तुम्ही कामापासून दहा दिवस लांब राहिलात आणि खात्यातून गेल्या सात पीएल. पगार महिन्याचा पूर्ण. सँडविच लावलं तर नऊ जातात, आणि काही महाभाग नंतरचा रविवार पण जोडून दहा करतात.

ऑफिसवाले हेच मस्टरमध्ये कोडने टाकतात. पी म्हणजे हजर, डब्ल्यूओ वीकली ऑफ, पीएच सणाची सुट्टी, पीएल, सीएल, आणि ए म्हणजे गैरहजर. तुम्ही एचआरकडे "पगार कमी आला" म्हणून गेलात तर कोणी लक्ष देत नाही, "११ ते २० चं डे-वाइज मस्टर दाखवा" म्हणालात की लगेच समोरच्याला कळतं की याला कळतं. १३ आणि १४ ला पीएल दिसली की चोर सापडला.

चौथं काम: रजा कुठल्या जातीची होती

पीएलचं झालं, तिथे कायदा तुमच्या बाजूने सरळ उभा आहे, कंपनीच्या पॉलिसीत सँडविच लिहिलेलं असलं तरी कायद्याने मिळालेल्या पीएलला ते लावता येत नाही. कंपनी कायद्यापेक्षा जास्तीची म्हणून जी रजा देते तिला मात्र ती स्वतःच्या अटी घालू शकते, तेवढा फरक लक्षात ठेवा.

सीएलबद्दल वाद होतात. मध्ये आलेल्या सुट्ट्या धरायच्या नाहीत हे वाक्य कायद्यात अर्जित रजेच्या संदर्भात आलंय, सीएलच्या नाही. म्हणून कंपन्या शुक्रवार-सोमवार सीएल घेतली की शनिवार-रविवार पण सीएलमध्ये टाकतात, वर्षाच्या आठातल्या चार एका फटक्यात गेल्या. माझं मत विचाराल तर हे चूक आहे, कारण आठवड्याची पगारी सुट्टी हा वेगळा हक्क आहे, सणाची सुट्टी हा वेगळा, आणि सीएल तिसरा, एकाने दुसरा का खावा? पण हा मुद्दा भांडून मिळवावा लागतो, छापील कलम दाखवून नाही. तोपर्यंत साधी युक्ती, ऑफच्या एकाच बाजूला सीएल घ्या, सँडविच करायला दोन पाव लागतात. दुसऱ्या बाजूला घ्यायचीच असेल तर तिथे पीएल टाका.

आजारपणाचं दोन प्रकारचं असतं. कंपनीची सिक लीव्ह असेल तर कंपनीचे नियम. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा असेल, म्हणजे वेतन २१,००० पर्यंत असेल, तर सिकनेस बेनिफिट ईएसआय देतं, सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तिथे नियम असा की ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी सुट्टी तुम्हाला कंपनीकडून मिळाली त्याच दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत. लोक घाईघाईत पीएल पण टाकतात आणि ईएसआयचं सर्टिफिकेट पण लावतात, मग दोन्हीकडून अडकतं. सर्टिफिकेटवरच्या तारखांना रजा टाकूच नका.

बाळंतपणाच्या रजेला जरा जास्त जागा देते कारण तिथे रक्कम मोठी असते आणि घोळ पण. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात. आठवडा म्हणजे किती दिवस? हसू नका, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. कोइंबतूरकडच्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईला मालकाने १२ आठवड्यांचे ७२ दिवसांचे पैसे दिले, आठवड्याला सहा दिवस धरून, कारण रविवार तिथे बिनपगारी. तिचं म्हणणं आठवडा सात दिवसांचा, म्हणजे ८४ दिवसांचे द्या. १९७७ मध्ये बी. शाह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, आठवड्यात रविवार धरायचाच. आजच्या २६ आठवड्यांना तेच लावलं तर १८२ दिवस होतात, सहाच्या हिशोबाने १५६. सव्वीस दिवसांचा फरक, जवळजवळ एक महिन्याचा पगार. दिवस मोजलेला कागद मागून घ्या, आणि त्यावर १५६ दिसलं तर सही करू नका.

पाचवं काम: बिनपगारी असेल तर भागाकार तपासा

पीएल संपल्या आणि बिनपगारी रजा घेतली, किंवा न सांगता खाडा झाला, तर रविवार कापायचा का? या लेखात मला खरं सांगायचंय ते हे, की रविवार कापायचा की नाही याचं उत्तर तुमची कंपनी पगाराला कितीने भागते त्यावर आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच बघायच्या, वेगवेगळ्या बघितल्या की कोणीतरी फसतं.

महिना २६,००० पगार धरा. सप्टेंबर २०२६ मध्ये ३० दिवस, रविवार चार, ६, १३, २० आणि २७. म्हणजे रविवार सोडून २६ दिवस, त्यात चतुर्थीची सुट्टी आली. वरचे सातही दिवस बिनपगारी झाले असं समजू.

२६ ने भागणारी कंपनी: रोज १,००० रुपये. सात दिवसांचे ७,००० कापले, हातात १९,०००.

३० ने भागणारी: रोज ८६६.६७. सात दिवसांचे ६,०६७ कापले, हातात १९,९३३.

आता ३० ने भागून मधला रविवार आणि चतुर्थी पण कापली, म्हणजे नऊ दिवस, तर ७,८०० गेले.

आणि २६ ने भागून शिवाय ते दोन दिवस पण कापले तर ९,०००.

हे शेवटचं जे आहे ती सरळ लूट आहे, आणि बऱ्याच ठिकाणी कोणाच्या लक्षातच न येता चालू असते. का लूट? २६ ने भागताना तुम्ही असं म्हणता की महिन्याचा पूर्ण पगार हा फक्त २६ दिवसांत वाटला, रविवारचा पगार त्या हजार रुपयांत आधीच मिसळून टाकला. एक दिवस गैरहजर राहिला की त्या दिवसाबरोबर रविवारचा तुकडा पण गेलाच. मग रविवार परत वेगळा कापला म्हणजे तोच पैसा दोनदा. तपासायची सोपी रीत आहे, एखादा माणूस सबंध सप्टेंबर आलाच नाही असं धरा. २६ दिवसांचे २६,००० कापले, हिशोब शून्यावर आला, बरोबर. आता चार रविवार पण कापा, ३०,००० होतात. पगार २६ चा आणि कापले ३०, म्हणजे कामगारानेच मालकाला चार हजार द्यायचे! असा भागाकार कुठल्याही अकाउंटंटला तोंडावर दाखवा, तो गप्प बसतो. मी बसले होते.

उलट बाजू पण सांगायला पाहिजे. ३० ने भागणारी कंपनी रविवार कधीच कापत नसेल तर महिनाभर न आलेल्या माणसाला चार रविवारचे ३,४६७ रुपये फुकट मिळतात. त्यामुळे ३० वाल्या कंपनीने लांबच्या बिनपगारी रजेत मधले रविवार कापले तर त्यात गणिताच्या दृष्टीने चूक नाही, त्याच्यावर मी तरी भांडायला सांगणार नाही. पण एक दिवस खाडा आणि त्यासाठी रविवार उडवला, किंवा शनिवारी नाही आला म्हणून रविवार गेला, हे चालवून घेऊ नका. पगार कपातीचा जुना नियम, वेतन प्रदान कायद्याच्या कलम ९ मधला, आणि आता वेतन संहिता २०१९ च्या कलम २० मधला, असा आहे की गैरहजेरीची कपात ही जितका वेळ काम करायचं होतं त्याच्या प्रमाणातच हवी. रविवारी काम करायचं नव्हतंच. अपवाद एकच, दहा किंवा जास्त माणसांनी ठरवून, नोटिस न देता, योग्य कारण नसताना काम बंद ठेवलं तर आठ दिवसांपर्यंत पगार कापता येतो.

रोजंदारीवाल्यांना नेहमी सांगितलं जातं की तुला रविवार नाही. दुकाने कायद्यात आठवड्याची सुट्टी पगारीच आहे, त्यात महिना आणि रोज असा फरक केलेला नाही. कारखान्यात वेगळं, तिथे किमान वेतनाचा महिन्याचा दर २६ ने भागून रोज काढतात, म्हणजे रविवार रोजात मिसळलेला. तुमचा रोज त्या दरापेक्षा कमी बसत असेल तर मात्र रविवार तुम्हाला मिळालेलाच नाही.

आता पीएलच्या दिवसाचा पगार किती. महिना पगारवाल्याला प्रश्न नाही, पगार चालू राहतो. पीसरेटवाल्यांसाठी, म्हणजे नगावर पैसे मिळणाऱ्यांसाठी, फॅक्टरी कायद्याच्या कलम ८० ची रीत अजून सगळीकडे वापरतात, रजेच्या आधीच्या महिन्यात जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केलं त्या दिवसांची सरासरी, महागाई भत्ता धरून, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून. ऑगस्टमध्ये २४ दिवसांत ओव्हरटाइम सोडून २१,६०० कमावले असतील तर एका पीएलचे ९००. आणि इथे एक बारीक खोडी असते, कापताना ग्रॉसवर म्हणजे भत्त्यांसकट पगारावर कापतात आणि रजा विकत घेताना बेसिकवर म्हणजे नुसत्या मूळ पगारावर देतात. दोन्हीकडे एकच माप लावा म्हणायचं.

काही आडवळणाच्या केसेस

रजेवर असताना मतदानाचा दिवस आला तर? लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची पगारी सुट्टी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब ने मिळते, रोजंदारीवाल्याला पण, त्यामुळे तो दिवस पीएलमधून वजा करून घ्यायचा नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा आमच्याकडे तीन जणांची एकेक पीएल अशी परत जमा केली. मालकाने पगार कापला तर दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे, आता त्यावर काय बोलायचं.

ऑफच्या दिवशी कामाला बोलावलं तर दुकाने कायद्यात त्याची बदली सुट्टी दोन महिन्यांत द्यावी लागते. ती सी-ऑफ रजेला जोडून घेता येते का ते आधी विचारा, आणि तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर का होईना लेखी घ्या.

नोकरी गेलेल्यांसाठी एक. भरपाईला २४० दिवस भरले की नाही मोजताना मालक फक्त हजेरीचे दिवस मोजतात. १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्या त्यात धरायच्या. २०५ हजेरी आणि वर पंचेचाळीस पगारी ऑफ-सुट्ट्या असतील तर २५० होतात, म्हणजे तुमचे २४० भरले. हे पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या २४० साठी हं, पीएल कमवायच्या २४० शी त्याची गल्लत करू नका.

शेवटचं काम: अर्ज आणि तक्रार

सगळं भांडण अर्जातच मिटवता येतं. "११ ते १९ रजा मिळावी" असं कधी लिहू नका, तिथेच नऊ दिवस मान्य केल्यासारखं होतं. असं लिहा:

"११, १२, १५, १६, १७, १८ आणि १९ सप्टेंबर २०२६ असे सात दिवस पीएल मंजूर करावी. १३ आणि २० रोजी माझी साप्ताहिक सुट्टी आणि १४ रोजी गणेश चतुर्थीची पगारी सुट्टी असल्याने ते दिवस रजेत धरू नयेत. २१ रोजी कामावर हजर होईन."

पंधरा दिवस आधी द्या. दुकाने कायद्यात पंधरा दिवस आधी मागूनही पीएल नाकारली तर ४५ च्या वर साठलेली रजा रोखीत मागता येते. पोच घ्या किंवा मेल करा. ऑनलाइन पोर्टलवर फक्त "पासून-पर्यंत" असे दोनच खाने असतील तर दोन वेगळे अर्ज टाका, ११ ते १२ आणि १५ ते १९.

कापलंच तर पहिला मेल एचआरला, आवाज न चढवता: डे-वाइज मस्टर, रजेचं खातं आणि बिनपगारी दिवसाचा भागाकार एवढं तीनच मागा. दहातले सात वेळा तिथेच चूक सापडते आणि पुढच्या पगारात एरियर्स म्हणजे थकबाकी म्हणून रक्कम येते. नाही आलं तर दुकान-ऑफिसवाल्यांनी कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात जायचं, पूर्वीच्या शॉप इन्स्पेक्टरला आता सुविधाकार म्हणतात, आणि कारखान्यातल्यांनी रजेच्या तक्रारीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात. पगार कापल्याचा दावा वेतन संहितेप्रमाणे तीन वर्षांत करता येतो, पूर्वी बाराच महिने होते. म्हणजे जुन्या स्लिपा डिलीट करू नका. नोकरी सोडली असेल तर सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, त्याच वेळी रजेचं खातं मागून घ्या, नंतर लॉगिन बंद होतं आणि काहीच दिसत नाही.

गुहागरच्या त्या मुलाचे दोन दिवस ऑक्टोबरच्या पगारात परत दिले. टिक काढल्यावर मी मागच्या एक वर्षाच्या सगळ्यांच्या पीएल परत तपासल्या, अजून अकरा जणांचे दिवस निघाले. त्यातल्या एकानेही तक्रार केली नव्हती.